शिशाची वाट

त्या शनिवारपर्यंत कुमार वझलवारने आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. शाळेत असतानासुद्धा नाही. त्याची बायको इला हे नंतर शेरिफच्या माणसाला, वकिलाला आणि फोनवर सासूबाईंना सांगत राहिली, आणि ते अगदी खरं होतं. हायवेवर कुणी गाडी आडवी घातली तरी तो हॉर्न वाजवत नसे. अनिका लहानपणी हट्टाला पेटली की रागवायचं काम इलाकडे असे. कुमार दुसऱ्या खोलीत जाऊन लेकीचं कुठे बरोबर आहे याचा विचार करत बसे.

तो मूळचा नागपूरचा. अठरा वर्षांपूर्वी अमेरिकेत आला आणि सेंट लुईसच्या एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळत तिथलाच झाला. इला ठाण्याची. ती सेंट लुईसच्याच एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि तिचं सगळं काम हातांचं होतं. मशीनमध्ये सापडलेले, भाजलेले, टाके घातलेले हात पुन्हा मिटायला आणि उघडायला शिकवायचे.

सेंट ओडील हे गाव कुमारला सापडलं ते पुरामुळे. तीन वर्षांपूर्वी मिसिसिपीला पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि वळसा घेताना तो एका खेड्यात शिरला. जेमतेम सातशे वस्ती. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोकांनी वसवलेलं. त्यांची घरं अजून उभी होती, आणि तीही अशी की ओंडके आडवे न रचता खांबांसारखे उभे रोवलेले, मधल्या फटी माती-गवताने लिंपलेल्या, आणि चारी बाजूंनी ओसरी. मिसूरी राज्यात ओसरी बघून कुमारने गाडी थांबवली. त्यानंतर महिन्यातले दोन शनिवार तो तिकडेच असे.

गावाभोवतीच्या टेकड्यांत वाटा होत्या. ओक आणि सीडरची झाडी, वाळूच्या दगडाचे कडे, मधून ओढे. त्यातली एक वाट कुमारने जवळजवळ एकट्याने शोधून काढली. आतल्या खाणींतून शिसं काढायचं, बैलगाड्यांत भरायचं आणि नदीपर्यंत आणायचं, असा फ्रेंचांचा धंदा होता. खणायचे आणि भरायचे ते गुलाम म्हणून आणलेले काळे लोक. गाड्यांच्या चाकांनी कड्यावरच्या दगडात वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. जुने नकाशे आणि फोनचा जीपीएस घेऊन कुमारने त्या चाकोऱ्यांचा माग सात मैल काढला. गावच्या वारसा मंडळाने त्यावर पिवळे पट्टे मारून ‘लेड रोड ट्रेल’ असं नाव दिलं आणि शनिवारी लोकांना ती दाखवायचं काम कुमारकडे आलं.

मंडळ म्हणजे मुख्यतः मिसेस बोव्हे. एकोणऐंशी वर्षांच्या, काठी टेकत चालणाऱ्या, गावातल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या गळ्यात अडकवलेल्या. वाटेवर दोन मैलांवर झाडीत जुनं कबरस्तान होतं, त्यात त्यांचे पाच पिढ्यांचे पूर्वज होते.

त्या ऑक्टोबरच्या शनिवारी गटातल्या लोकांनी आयत्या वेळी कॅन्सल केलं, म्हणून कुमारने इला आणि सोळा वर्षांच्या अनिकाला आग्रह करून नेलं. मिसेस बोव्हेही निघाल्या. सकाळचे दहा वाजले होते, ऊन छान होतं. अनिका पुढे-मागे करत फोटो काढत होती. कुमार चाकोऱ्या दाखवत होता, आणि इलाला वाटलं की नवऱ्याला इतकं मोकळेपणी बोलताना आपण बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही.

कबरस्तान जवळ आलं तसा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला लागला. मंडळाचं कुणी दुरुस्तीला आलं असेल, असं कुमार म्हणाला. मिसेस बोव्हेंची काठी भराभर पडायला लागली.

कुंपणाच्या आत रानातून चालवायची एक चारचाकी एटीव्ही उभी होती, मागे छोटा ट्रेलर. तिथल्या कबरींवर गावच्या लोहाराने दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी घडवलेले घडीव लोखंडाचे क्रूस होते, जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगला भाव येणारे. त्यांतले चार ट्रेलरमध्ये पडले होते आणि पाचव्याच्या बुडाशी पहार घालून एक माणूस तो उचकटत होता. तिशीचा, दाढीवाला, अंगाने भरलेला.

मिसेस बोव्हेंनी त्याला ओळखलं. हा ट्रॉय, चर्चचं गवत कापायला यायचा. कुणी अडवायच्या आत त्या त्याच्यापर्यंत पोचल्या आणि म्हणाल्या, की हे जिथले तिथे ठेव, मी कुणालाही सांगणार नाही. ट्रॉयने त्यांच्याकडे न बघता घरी जायला सांगितलं. तेव्हा त्यांनी ट्रेलरमधला एक क्रूस दोन्ही हातांनी धरला आणि ओढायला लागल्या.

ट्रॉयने पहार एका हातात घेतली आणि दुसऱ्याने त्यांना छातीवर ढकललं. त्या मागच्या मागे कबरीच्या दगडी काठावर पडल्या. मनगट मोडल्याचा आवाज इलाने वीस पावलांवरून ऐकला आणि तो कसला आहे हे तिला लगेच कळलं. ती धावत त्यांच्यापाशी गेली.

कुमार दोन्ही हात उघडे ठेवून पुढे झाला. आपण सगळे शांत होऊ या, असं काहीतरी म्हणाला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्हणायचा तसंच. ट्रॉयने पहार फिरवली. ती कुमारच्या बरगड्यांवर बसली आणि तो गुडघ्यांवर आला, तोंड उघडं, पण श्वास आत जाईना.

अनिका कुंपणाशी फोन समोर धरून उभी होती. ती हे सगळं रेकॉर्ड करत होती. ट्रॉयने ते पाहिलं. पहार टाकून तो तिच्याकडे धावला, एका हाताने फोन हिसकायला गेला आणि दुसऱ्या हाताने त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली. फोन पाचोळ्यात उडाला. अनिकाने त्याच्या हाताचा चावा घेतला. त्याने तिला वेणीने ओढून अशी थोबाडीत मारली, की तिचं डोकं सीडरच्या बुंध्यावर आपटलं. तिने आवाजही काढला नाही, ती तिथेच खाली बसली.

इला उठून धावली. पण तिच्या आधी कुमार तिथे होता आणि पहार त्याच्या हातात होती.

पहिला फटका ट्रॉयच्या गुडघ्यामागे बसला. दुसरा खांद्यावर, तो पडता पडता. इथवर जे झालं ते कुठल्याही बापाने केलं असतं. इला स्वतःला पुढे कित्येक दिवस हेच सांगायची.

ट्रॉय पाठीवर पडला होता. त्याने उजवा हात वर केला, पंजा उघडा, बोटं पसरलेली. ओके, ओके, झालं, असं तो म्हणाला. कुमार त्या हाताकडे बघत होता. इलाला ते स्पष्ट दिसलं, कारण ती आता दहा फुटांवर होती. कुमारने पहारेवरची पकड थोडी खाली सरकवली, नीट केली, आणि त्या हातावर मारलं.

मग पुन्हा तिथेच. हात खाली गेला तेव्हा मनगट आणि बोटं यांचा मेळ राहिला नव्हता. मग जबडा. ट्रॉय कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेत होता आणि कुमार त्याच्याभोवती पावलं बदलत जागा शोधत होता. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. लाकडं फोडणाऱ्या माणसासारखा एका लयीत श्वास घेत होता. रक्त त्याच्या चष्म्यावर उडालं होतं आणि ते त्याने पुसलंही नाही.

इलाने हाक मारत मागून त्याचं जॅकेट धरून ओढलं. त्याने कोपर मागे मारलं, न बघताच. तिचा ओठ फाटला आणि ती पडली. ती परत उठली. हा माणूस आता मरेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढचा फटका वर गेलेला असताना ती ट्रॉयच्या अंगावर आडवी पडली.

पहार तिच्या कानाशेजारी जमिनीत घुसली. माती तिच्या डोळ्यांत उडाली. तिने वर पाहिलं. कुमार तिच्याकडे बघत होता आणि काही क्षण त्याच्या चेहऱ्यावर तिची ओळखच नव्हती.

“बाबा,” मागून अनिका म्हणाली. एरवी ती त्याला डॅड म्हणायची.

कुमारने पहार सोडली.

पुढचा तासभर इलाने जे केलं ते तिच्या हातांनी केलं, तिने नाही. फोनला रेंज नव्हती. तिने आपलं जॅकेट फाडून ट्रॉयचा हात बांधला, त्याचं तोंड कुशीला वळवलं म्हणजे रक्त घशात जाणार नाही. हात बांधताना तिने बोटांनी हाडं चाचपली होती. याची मूठ पुन्हा कधी वळणार नाही हे तिला तिथेच कळलं.

त्याला ठेवायला ट्रेलर रिकामा करायला हवा होता. मोडलेल्या बरगड्या घेऊन कुमारने चारही क्रूस एकेक करून उचलले आणि गवतावर ठेवले, निजलेलं मूल ठेवावं तसे. मग दोघांनी ट्रॉयला आत घेतलं. इलाने एटीव्ही चालवली. वाटेतला दगडाळ पट्टा आला की ट्रेलर चाकोऱ्यांत आदळायचा आणि ट्रॉय किंचाळायचा. मिसेस बोव्हे ट्रेलरमध्येच बसल्या होत्या. मोडलेला हात मांडीवर, आणि चांगल्या हाताने ट्रॉयचं डोकं धरलेलं. कुमार आणि अनिका मागून चालत आले. दोघांच्यात एका गाडीएवढं अंतर होतं आणि ते अनिकाने ठेवलं होतं.

गावात पोचल्यावर फोन लागला. बेसबॉलच्या मैदानावर हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर उतरलं आणि ट्रॉयला घेऊन गेलं.

शेरिफच्या ऑफिसातून आलेल्या माणसाने दुपारी चौघांचे जबाब घेतले. मिसेस बोव्हे म्हणाल्या, हा नसता तर आम्ही सगळे मेलो असतो. अर्धवट शुद्धीत त्यांना फारसं दिसलं नव्हतं, पण त्या मनापासून बोलत होत्या. अनिकाला डोक्याच्या माराने कन्कशन झालं होतं, तिला जास्त विचारलं नाही. मग त्या माणसाने इलाला विचारलं, की तो खाली पडल्यावर तुमच्या नवऱ्याने काय केलं?

कुमार शेजारच्याच खुर्चीत बसला होता. डिसेंबरमध्ये दोघांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता. इला म्हणाली, “तो पडला आणि संपलं. मारामारीत जे काय लागलं ते लागलं.”

तिच्या फाटलेल्या ओठाबद्दल तिने सांगितलं, की ट्रॉयचं कोपर लागलं.

आठवड्याभरात कुमार गावचा हीरो झाला. चर्चने आभाराचं पत्र पाठवलं, तिथल्या पेपरात फोटो आला. सेंट लुईसच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही तो फिरला. परीक्षित नावाच्या मित्राने लिहिलं, यार, आपल्यात दम आहे हे दाखवून दिलंस. कुमारने ग्रुप सोडला. तो ऑफिसला जात होता, भांडी लावत होता, बरगड्यांमुळे बसून झोपत होता. अनिका तो खोलीत आला की उठून जायची. इला एकदा कपाटातलं काही काढायला हात वर करून उभी होती, तेव्हा मागून तो आला आणि तिचं अंग आपोआप आक्रसलं. दोघांनाही ते समजलं.

दोन आठवड्यांनी अनिका आईजवळ आली. तिचा फोन त्या दिवशी पाचोळ्यात पडला तरी, निघताना तिने उचलेपर्यंत, चालूच राहिला होता. चित्रात फक्त पानं आणि आकाश होतं, आवाज मात्र सगळा होता. ट्रॉयचं ओके, ओके. त्यानंतरचे फटके. इलाची हाक, आणि कोपर लागल्यावरचा तिचा आवाज.

“शुड आय डिलीट इट?” अनिकाने विचारलं.

इला हो म्हणणार होती. पण दारात कुमार उभा होता. तो म्हणाला, मला ऐकव. तिघं स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत राहिली. संपल्यावर कुमारने सिंकपाशी जाऊन तोंड धुतलं आणि म्हणाला, की मी उद्या शेरिफकडे जातो.

इलाचा संताप तेव्हा बाहेर पडला. तू गेलास तर मी खोटं बोलले हे उघड होईल, माझं लायसन्स जाईल, सिटिझनशिप जाईल, अनिकाला इथे ठेवून आपण कुठे जायचं, असं ती एका दमात बोलत सुटली. चढ्या आवाजात तिने विचारलं, की त्याने तुझ्या मुलीला मारलं होतं ना, मग आता हा पुळका कशाला?

“त्याने हात वर केला होता,” कुमार म्हणाला. “मी पाहिला. मला कळलं होतं की संपलंय. मला ते संपायला नको होतं, इला. मला बरं वाटत होतं.”

अनिका तिथेच होती. तिने ते ऐकलं.

त्यांनी गाठलेल्या वकिलाने परोपरीने अडवलं, त्यात चार दिवस गेले, तरी कुमार गेला, रेकॉर्डिंग घेऊन. तो जाण्याच्या आदल्या दिवशी इला स्वतःच जाऊन आपला जबाब बदलून आली. त्याने तिला खोटं पाडावं त्यापेक्षा ते बरं, असं तिने स्वतःला समजावलं. पण परत येताना तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट भूक लागली होती.

काउंटीच्या सरकारी वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि खटला भरायला नकार दिला. त्या माणसाने म्हातारीचं मनगट मोडलं, मुलीचं डोकं फोडलं. या काउंटीतले ज्युरीचे बारा लोक तुम्हाला दोषी ठरवणार नाहीत, तुम्ही घरी जा, असं तो म्हणाला. शिक्षा झाली ती ट्रॉयला, चोरी आणि मारहाणीची, पण जखमा बघून ती घरीच भोगायची ठरली. इंटरव्ह्यू मात्र पुढे ढकलला गेला, आणि मग आणखी पुढे.

कुमारला वाटलं होतं की कुणीतरी काहीतरी करेल. कुणी काही केलं नाही. जानेवारीत एका दुपारी, घरी न सांगता, तो ट्रॉयच्या घरी गेला. गावाबाहेर एका उताराला लागून दोन मोबाइल होम्स, म्हणजे ट्रकने आणून ठेवलेली पत्र्याची घरं, होती. दार ट्रॉयच्या मोठ्या भावाने उघडलं. कुमारने नाव सांगितलं.

भावाने त्याला पायरीवरच पहिला ठोसा मारला. कुमार बर्फात पडला, उठला, आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. दुसऱ्या ठोशाने नाक फुटलं. तो पुन्हा उठला. मग लाथा सुरू झाल्या, जुन्या बरगड्यांवरच. ट्रॉय दारात येऊन उभा राहिला होता. जबडा वाकडा जुळलेला, उजवा हात पोटाशी. तो बघत राहिला. भावाला थांब म्हणाला नाही. शेवटी घरातून त्यांची आई आली आणि भावाला ढकलून आत पाठवलं.

“मी हात वर केला होता,” ट्रॉय म्हणाला. शब्द नीट येत नव्हते.

कुमार म्हणाला, की मी पाहिला होता.

ट्रॉय खाली थुंकला आणि दार लावून घेतलं. एवढंच.

कुमार रक्ताने भिजलेल्या शर्टात दीड तास गाडी चालवत घरी आला. इलाने त्याला खुर्चीत बसवलं, नाक सरळ केलं, बरगड्या बांधल्या. ती भयंकर चिडली होती. मार खाऊन हिशेब फिटतो असं वाटलं का तुला, असं तिने विचारलं. तो नाही म्हणाला. हात खिशात का घातले होतेस, तर म्हणाला, मला भीती वाटत होती. तिने विचारलं, “त्याची?” आणि त्याने मान हलवली. नाही.

तिने नाकातला कापूस बदलला. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचं अंग आक्रसलं नाही, किंवा थोडंसंच आक्रसलं.

मार्चमध्ये मंडळाने पाचही क्रूस पुन्हा बसवले. मिसेस बोव्हेंनी तिघांना बोलावलं होतं. कुमार गेला नाही. त्याने वाट दाखवायचं काम सोडून नकाशे त्यांच्याकडे पाठवले होते. इला गेली. मिसेस बोव्हेंचं मनगट वाकडं जुळलं होतं. इलाने त्यांना व्यायाम शिकवले. निघताना त्या म्हणाल्या, की ट्रॉयची आई विचारत होती, त्याच्या हातासाठी काही करता येईल का. इलाने त्यांच्याकडे नंबर दिला, स्वतःचा नाही, आपल्याच क्षेत्रातल्या एका चांगल्या बाईचा. याहून जास्त तिला जमलं नाही.

ती घरी आली तेव्हा कुमार टेबलाशी पोहे खात होता. अनिका फ्रीजशी उभी होती. पाच महिन्यांत ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलली होती. तिने दुधाचा डबा ठेवला आणि त्याच्याकडे वळली. मराठीत बोलली, सावकाश, शब्द शोधत.

“आई मधे आली नसती तर तू थांबला असतास?”

इला दारातच थांबली. कुमारने चमचा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून इलाला कळलं, की तो सोपं उत्तर शोधत होता आणि त्याला ते सापडलंही होतं; ते त्याने दिलं नाही.

“नाही,” तो म्हणाला.

अनिकाने मान डोलावली. मग तिने एक बशी काढली, पोहे वाढून घेतले आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.